श्वास वीस

आमच्या धंद्यात एक खोटं सर्रास चालतं. ताप थर्मामीटर सांगतो, रक्तदाब आणि नाडी मशीन सांगतं. श्वास मात्र नर्सने स्वतः मोजायचे असतात. हातात घड्याळ धरून, पेशंटच्या छातीकडे बघत, पूर्ण एक मिनिट. तेही त्याला कळू न देता, कारण कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. एवढं मिनिट कुणाकडे असतं? मग तक्त्यात सगळ्या जणी ‘वीस’ लिहून मोकळ्या होतात. म्हातारा असो की तरुण, गाढ झोपलेला असो की तळमळत असो, श्वास वीस.

मी ते कधी केलं नाही, असा माझा तोरा होता. कुवेतमध्ये डायलिसिसच्या विभागात मला एकोणीस वर्षं झाली. गेल्या नोव्हेंबरात एका नव्या नर्सच्या तक्त्यात मला ओळीने सहा वेळा वीस दिसले, तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. म्हटलं, “ये छहों लोग आपस में तय करके साँस लेते हैं क्या?” ती रडली. मला तेव्हा जरा बरंच वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. घरी येऊन मी तो किस्सा मोठ्या कौतुकाने मुलीला लिहून पाठवला. तिचं उत्तर आलं, एक हसरा चेहरा. त्या आठवड्यातला तिचा तेवढाच हसरा चेहरा होता, म्हणून तो लक्षात आहे.

मुलगी माझी एकच. ती इंग्लंडमध्ये, मी इथे रिग्गईत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. ती याच दोन खोल्यांत वाढली. तिचे वडील एसीचे मेकॅनिक होते. कुवेतमध्ये एसीवाल्याला उन्हाळ्यात जेवायला फुरसत नसते आणि हिवाळ्यात माशा मारत बसावं लागतं. हे गृहस्थ माशा मारण्याऐवजी पक्षी बघायचे. नोव्हेंबर लागला की दर शुक्रवारी पहाटे दुर्बीण गळ्यात, पोरगी मागे, आणि दोघं सुलैबिखातच्या खाडीवर. मी आठवड्याची झोप भरून काढत असे. दोघं चिखलाचे पाय घेऊन परत आली की मी फरशीवरून ओरडायची आणि म्हणायची, “काय मिळवलंत? मासा तरी आणायचा!” सहा वर्षांपूर्वी ते गेले. दुर्बीण कपाटावर राहिली. पोरगी मात्र त्याच वाटेने पुढे गेली. तिकडे रानातल्या प्राणीपक्ष्यांचं शिक्षण घेतलं आणि दोन वर्षं एका संस्थेसाठी शेताशेतांतून चालत पक्षी मोजायची नोकरी केली. पायी चालून पक्षी मोजायचे आणि त्याचा पगार घ्यायचा, हे मी माहेरी कुणाला नीट समजावूनही सांगू शकले नाही.

सप्टेंबरात ते काम संपलं. दुसरं मिळेना. ती एका खेड्यात, एका म्हाताऱ्या बाईंच्या घराच्या माडीवर खोली घेऊन राहिली होती, तिथेच राहिली. आधी फोन कमी झाले, मग फोन उचलणं बंद झालं. ऑक्टोबरात एकदा उचलला तेव्हा ती इंग्रजीत म्हणाली, “सकाळी उठायचं कशासाठी ते कळत नाही, आई.” ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे तिच्या बालवाडीपासून चालू आहे. पण ते वाक्य कुठल्याही भाषेत ऐकलं असतं तरी माझ्यातल्या नर्सच्या अंगावर काटा आलाच असता. असं वाक्य पेशंटच्या तोंडून आलं तर आम्ही खाली लाल शाईने रेघ मारतो.

ती डॉक्टरकडे गेली, गोळ्या सुरू झाल्या. माझ्याच आग्रहाने गेली. मी व्हिसाचा अर्ज केला, पासपोर्ट दिला आणि तिथे माझा हात दगडाखाली सापडला. पासपोर्ट परत मागितला तर अर्ज बाद, आणि अर्ज चालू ठेवला तर उत्तर कधी येईल ते कुणी सांगेना. एरवी लोकांच्या शरीरातलं रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत घालणारी मी, पोटच्या पोरीपर्यंत पोचू शकत नव्हते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, ते मी उंटांच्याच देशात बसून करत होते.

मग मला हँडओव्हर सुचला. ड्युटी बदलताना आम्ही पेशंटच्या पलंगापाशी उभं राहून पुढच्या नर्सला सगळं सांगतो. काय दिसलं, किती वाजता, एवढंच. मला वाटतं, बहुतेक, अंदाजे, असले शब्द तिथे चालत नाहीत. पाहिलं ते सांगायचं आणि पाहिलं नाही ते सांगायचं नाही. मी मुलीला लिहिलं, “मी आता तब्येत विचारणार नाही, नोकरी विचारणार नाही. रोज एक हँडओव्हर दे. बाहेर जाऊन एक जिवंत गोष्ट बघायची आणि लिहायची. मीही देईन. माझे संध्याकाळचे सात, तुझे दुपारचे चार.” तिकडे डिसेंबरात चार वाजता दिवस मावळतो, म्हणजे त्याआधी तिला बाहेर पडावंच लागेल, हा माझा कावा. ती हो म्हणाली. बहुतेक मला कटवायला म्हणाली असेल. पण दुसऱ्या दिवशी चार वाजता तिचा मेसेज आला.

मी एक वही केली. डाव्या पानावर तिचं, उजव्या पानावर माझं. तिचं इंग्रजीत येई, मी मराठीत उतरून घेई. सुरुवातीची डावी पानं अजून वाचावीशी वाटतात. “नांगरलेल्या शेतात ससा. घरातला नाही, रानातला मोठा. ढेकूळ समजून पुढे गेले आणि ढेकूळ पळालं.” “पांढरं घुबड कुंपणावरून गेलं. पंखांचा आवाजच नाही.” “मेंढ्यांच्या पाठीवर बर्फाचे कण, आणि एका मेंढीवर कावळा पाय गरम करत बसलेला.” हे वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात हसले होते. जिला उठायचं कशासाठी ते कळत नव्हतं, तिला मेंढीवरचा कावळा दिसत होता. मला तेवढं पुरे होतं.

उजवी पानं लिहायची तर मला बाहेर पडणं भाग होतं, आणि इथेच माझी फजिती झाली. मला कावळा, चिमणी आणि कोंबडी सोडून काही ओळखता येत नसे. पहिला आठवडा मी इमारतीतच भागवलं. एसीच्या डब्यावर बुलबुल, गच्चीवर पारवे, नावं फोनवर शोधून. मग लाज वाटली. कपाटावरची दुर्बीण काढली. तिच्या पट्ट्याला अजून वास होता. कसला ते सांगत नाही.

माझा ठरलेला टॅक्सीवाला श्रीवर्धनकडचा, आमच्याच किनाऱ्याचा मुसलमान माणूस. मी रत्नागिरीची, म्हणून तो मला ताई म्हणतो. ड्युटी दोनला सुटली की त्याला फोन करायचा. पहिल्यांदा सुलैबिखातला चल म्हटलं, तर त्याने आरशातून माझ्याकडे असं बघितलं, जणू बाई कामातून गेली. पण खाडीवर उतरल्यावर माझ्याआधी तोच पुढे. ओहोटी होती. लांबवर चिखल चमकत होता आणि त्यावर रोहित पक्षी, फ्लेमिंगो म्हणतात ते, उभे होते, पांढरट गुलाबी, माना खाली घालून चिखल गाळत. मी मोजायला गेले तर आकडा दरवेळी वेगळा. टॅक्सीवाला मात्र पायाशी बघत होता.

“ताई, हितं बघा, निवट्या!”

खरंच निवट्या होत्या. आमच्याकडे खाडीच्या चिखलात असतात त्याच, डोळे वर काढलेल्या, पंखांवर सरपटणाऱ्या मासळ्या. एकोणीस वर्षांत मला माहीत नव्हतं की त्या इथेही असतात. थंडीमुळे बहुतेक बिळात होत्या, उन्हाला दोनतीनच आलेल्या.

“गावाला असतो तर कालवन केलं असतं,” तो म्हणाला. “बाकीच्या कवा येनार वर?”

“ऊन वाढलं की,” मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी दोन ओळींऐवजी अख्खं पान पाठवलं. तिने लिहिलं, “बाबांनी मला दाखवल्या होत्या. तुला दाखवल्या नव्हत्या?” मी लिहिलं, “मी झोपले होते.” खरं होतं ते.

मग मला नाद लागला. शर्कला मासळीबाजाराच्या मागे कुरव पक्षी, म्हणजे सीगल, बघितले. बांगड्याच्या एका डोक्यावरून ते असे भांडत होते की मला आमची बंदरावरची भाऊबंदकी आठवली. सुलैबियाच्या बाजूला गुरांच्या गोठ्यांच्या मागे चारा पिकवतात, तिथे परीट पक्षी शेपटी हलवत ओल्या जमिनीवर पळताना पाहिले. टॅक्सीवाल्याने एक दिवस स्वतःहून फोन केला, “ताई, चौथ्या रिंगरोडच्या कडंला गवतात तुरेवाला बसलाय, लवकर या.” जाईपर्यंत तो उडालेला. मी तो लिहिला नाही, कारण मी पाहिला नव्हता.

एवढी मी नेकीची.

डिसेंबर सरत आला तशी डावी पानं आखूड होत गेली. “कुंपणाच्या फाटकावर रॉबिन.” हा तिकडचा चिमणीएवढा पक्षी, छाती लालसर. “रॉबिन, फाटकावर. सगळीकडे दव गोठलेलं.” “रॉबिन. फाटक. गोठलेलं दव.” मी खाली ‘छान’ लिहायची. मेसेज वेळेवर येत होता, चार म्हणजे चारला. वेळेवर आला की मी सुटकेचा निःश्वास टाकायची आणि भाजी फोडणीला घालायची. आतमध्ये काय लिहिलंय यापेक्षा आलाय हेच मोठं झालं होतं.

जानेवारीत एक दिवस आमच्याकडे दोघी नर्स रजेवर आणि एका आजींचा रक्तदाब मशीनवर असतानाच कोसळला. आजी वाचल्या. पण दोनची सुट्टी साडेचारला झाली. बाहेर उत्तरेचा वारा सुटलेला, डोळ्यांत वाळू. टॅक्सीवाल्याला फोन न करता मी बसने घरी आले आणि पलंगावर आडवी झाले. उठले तेव्हा सातला दहा मिनिटं होती. काहीच पाहिलं नव्हतं. खिडकीतसुद्धा पाहिलं नव्हतं.

‘आज काही पाहिलं नाही’ असं लिहिता आलं असतं. पण मला वाटलं, मी एक दिवस सोडला तर तीही सोडेल. तिला निमित्त मिळेल. आणि कशाला? एका ओळीचा तर प्रश्न. मी लिहिलं, “सुलैबिखात, चार वाजता. सव्वीस रोहित, अगदी काठाजवळ, चिखलात.” सव्वीस हा आकडा कसा खरा वाटतो बघा. पंचवीस लिहिले असते तर मलाच संशय आला असता.

तिचं रॉबिन-फाटक आलं, मी छान म्हटलं आणि पुन्हा झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर असताना तिचा मेसेज आला. ती वेळ तिची नव्हे, तिकडे अजून उजाडलंही नसणार. “आई, काल चार वाजता तिथे भरती होती. भरतीला चिखल नसतो. तू गेली नव्हतीस.”

बाप तिला भरती-ओहोटीचं कोष्टक वाचायला शिकवून गेला होता. आणि मी कोण? रत्नागिरीच्या बंदरावर जन्मलेली. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा तिथीवरून भरतीची वेळ सांगतं. माझी आजी अंगणात बसून सांगायची, पाणी आता कुठवर आलं असेल ते. त्या घरातल्या बाईने भर भरतीला चिखलात सव्वीस पक्षी उभे केले! टॅक्सीवाल्याला फोन केला असता तर तोही म्हणाला असता, ताई, आज पानी भरलंय, नका येऊ.

मी लगेच लिहिलं, “चुकलं माझं. दमले होते.” दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

त्या दिवशी चार वाजता मेसेज आला नाही. म्हणजे माझ्या सातला. साडेसातला नाही, आठला नाही. फोन केला, वाजून वाजून थांबला. दुसऱ्या दिवशी नाही. मी सुलैबिखातला गेले, शर्कला गेले, सुलैबियाला गेले, एकाच दुपारी तिन्हीकडे. दिसेल ते पाठवत सुटले. बगळा. परीट. कुरव, शंभराच्या वर. कुत्रा, पिवळा, तीन पायांचा. वाऱ्याने वाकलेलं बाभळीसारखं एक झाड. टॅक्सीवाला काही विचारत नव्हता, फक्त मी म्हणेन तिथे थांबवत होता. प्रत्येक मेसेजपुढे दोन निळ्या खुणा उमटत होत्या, आणि त्या उमटल्या की मला कळत होतं, आहे, फोन हातात आहे, अंगठा हलतोय. मी देवाजवळ त्याहून जास्त काही मागत नव्हते. खुणा राखाडी राहिल्या की मी लगेच पुढचा मेसेज पाठवायची. मला भीती कशाची होती ते मी त्या दिवसांत एकदाही शब्दांत आणलं नाही. आता आणते. माझी मुलगी जिवंत राहणार नाही, ही ती भीती होती. आणि तिच्या हातातली शेवटची दोरी मी माझ्या हाताने कापली, कारण मला संध्याकाळी झोप आली.

तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी तिच्या भाड्याच्या कागदावरून त्या म्हाताऱ्या बाईंचा नंबर काढला आणि फोन केला. बाई गोड बोलल्या. म्हणाल्या, काळजी करू नका, अगदी शांत मुलगी आहे, छान आहे.

“तुम्ही तिला शेवटचं कधी पाहिलंत?” मी विचारलं.

पाहिलं असं नाही, म्हणाल्या, पण वर पावलं वाजतात, दिवा असतो.

“बाहेर जाताना पाहिलंत?”

बाहेर? आता या हवेत कोण जाणार हो बाहेर, म्हणाल्या. नाताळच्या आधीपासून नुसता पाऊस लागलाय, फाटकापाशी गुडघाभर चिखल झालाय.

मी आभार मानले, आणि तिला वर जाऊन एकदा चहा द्याल का, असं विचारलं. त्या हो म्हणाल्या. फोन ठेवला आणि तशीच खुर्चीत बसून राहिले. काहीतरी खटकलं होतं, काय ते लक्षात येईना. मग वही उघडली.

गोठलेलं दव. रॉबिन, फाटक, गोठलेलं दव. मी मागे मागे गेले. मधली एक अख्खी पानजोड तशीच. डाव्या बाजूला माझ्याच अक्षरात एकाखाली एक, रॉबिन, फाटक, दव. सतरा दिवस. मी फोनवर तिच्या गावची हवा काढून बघितली. सतरापैकी एकाही दिवशी दव गोठण्याएवढी थंडी नव्हती. पाऊस, पाऊस, ढग, पाऊस.

पोरगी सतरा दिवस खोलीच्या बाहेर पडली नव्हती. खिडकीचा पडदासुद्धा तिने उघडला नसेल, नाहीतर दव लिहिलं नसतं, पाऊस लिहिला असता. चार वाजले की अंथरुणातून हात बाहेर काढायचा आणि तक्ता भरायचा. वीस, वीस, वीस. आणि मी, जिने सहा विसांसाठी एका मुलीला भर विभागात रडवलं, मी रोज त्याच्याखाली ‘छान’ लिहून सही करत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी त्या वहीवर डोकं ठेवून मोठ्याने रडले. शेजारच्या बाई दारावर येऊन गेल्या, मी उघडलं नाही.

पण एक गोष्ट खरी. मी स्वतः ते सव्वीस पक्षी लिहिले नसते तर मला तिची सतरा दवं दिसली नसती. चोराची पावलं चोराला ठाऊक. सव्वीस लिहिताना मला काय वाटलं होतं ते मला आठवत होतं. तिला फसवावं असं नव्हतं वाटलं. तिने मला सोडून जाऊ नये असं वाटलं होतं. मग तीही त्याचसाठी लिहीत असेल. सतरा दिवस जिला अंथरुणातून उठवत नव्हतं, ती रोज चारच्या ठोक्याला आईला हजेरी देत होती.

मी लिहिलं, “तुझ्याकडे नाताळच्या आधीपासून पाऊस आहे. दव नाही. तू बाहेर गेली नाहीस. मीही त्या दिवशी गेले नव्हते. तू वीस लिहीत होतीस आणि मीही वीस लिहिलं. मी रागावलेली नाही. फोन कर. बोलू नकोस हवं तर.”

निळ्या खुणा उमटल्या. मी फोन टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. चहा केला, प्यायले नाही. बाहेर सूर्यास्ताची, मगरीबची बांग झाली. सातला पाच कमी असताना फोन वाजला.

मी उचलला आणि काही बोलले नाही. तिकडूनही काही नाही. नुसते श्वास. रडून रडून नाक बंद झालेल्या माणसाचे, तोंडाने घेतलेले. ऑक्टोबरानंतर ऐकलेला तिचा पहिला आवाज.

काय बोलावं? जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, मी येते, मी येऊ शकत नाही, सगळं एकदम सुचलं. आणि माझा हात आपोआप उलटा झाला, मनगटावरच्या घड्याळाकडे. मी मोजायला लागले. छाती दिसत नव्हती, फक्त आवाज. काटा बारावर आला तिथून पुन्हा बारावर येईपर्यंत, पूर्ण मिनिट. मध्ये एकदा तिचा हुंदका अडकला, तो धरावा की सोडावा ते कळेना, मी धरला. आयुष्यात हजारो माणसांचे मोजले असतील. पोटच्या पोरीचे पहिल्यांदाच.

“अठ्ठावीस,” मी म्हटलं.

मग ती इंग्रजीत म्हणाली, “खूप आहेत ना?”

“रडणाऱ्याचे असतात तेवढे.”

“मला नाही जमत आहे, आई.”

“माहीत आहे. मला पण नाही जमत आहे.”

आम्ही दोघी रडलो. किती वेळ ते मी मोजलं नाही. मग खालून त्या म्हाताऱ्या बाई चहा घेऊन वर आल्या असाव्यात, कारण दारावर टकटक ऐकू आली. ती उघडेना.

“उघड,” मी म्हटलं. “मी फोनवर आहे.”

पावलं, कडी, बाईंचा आवाज, कपाचा आवाज. मग पुन्हा तिचे श्वास.

“आता हँडओव्हर दे,” मी म्हटलं. “खिडकीचा पडदा बाजूला सार आणि काय दिसतं ते सांग. रॉबिन नको.”

पडद्याच्या कड्या सरकल्याचं मी ऐकलं.

“नथिंग, आई,” ती म्हणाली. “अंधार आहे. पाऊस आहे. फाटकसुद्धा दिसत नाही.”

“नक्की?”

“नक्की. काहीच दिसत नाही.”

मी वही पुढे ओढली आणि डाव्या पानावर तारीख घातली. व्हिसाचं उत्तर आलेलं नव्हतं, ती खोलीतून बाहेर पडलेली नव्हती, उद्या ती फोन उचलेल की नाही हे मला ठाऊक नव्हतं. मी लिहिलं, काही दिसलं नाही. श्वास अठ्ठावीस, मोजलेले. मग ते तिला वाचून दाखवलं, आणि खाली छान लिहिलं नाही.

“आता तू थांब,” ती म्हणाली. “बोलू नकोस. तुझे मोजते.”